तायडे कंट्रोलरचं दार

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत शिट्टी वाजवणारा मेंबर मी आयुष्यात एकच पाहिला. खिशातून पितळेची शिट्टी काढायची, गाल फुगवायचे आणि अशी फुंकायची, की समोर कापसाच्या भावाचा हिशेब करत पेंगणारे बाकीचे मेंबर खुर्चीवरून हातभर उडायचे. मग हा गृहस्थ दोन्ही हात वर करून, भोंग्यातून बोलावं तसं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचा, "इषयावर या! इषयावर या! गाडी सुटून राह्यली! गाडी सुटून राह्यली!"

गुलाबराव तायडे त्यांचं नाव. आमच्या गावच्या एसटी स्टँडवर ते निवृत्त होईपर्यंत कंट्रोलर होते, आणि मेंबर झाल्यावरही गाव त्यांना कंट्रोलरच म्हणत राहिलं. गावाचं नाव सांगत नाही. रिसोड आणि वाशीम यांच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढं पुरे. माझी धाकटी बहीण अजून तिथं नांदते आणि तिच्याकडे दिवाळीला मला ताठ मानेनं जायचं असतं.

मी त्या नगरपालिकेत बांधकाम खात्याचा कारकून होतो. खातं म्हणजे मी, एक ओव्हरसियर आणि एक मोजपट्टी, जिचा पहिला फूट उंदरांनी खाल्ला होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनच्या मिलोची, त्या लाल अमेरिकन ज्वारीची, चव अजून लोकांच्या जिभेवर होती, आणि आमचे मेंबर मात्र त्या दोन-तीन वर्षांत अंगानं चांगलेच भरले होते. दुष्काळ कुणालाच मानवत नाही असं नाही.

तायडे मात्र वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. त्यांचे वडील तीस साली नागपूरला अस्पृश्यांच्या परिषदेला जाऊन आले आणि पोरांना म्हणाले, शिका. हे शिकले, मॅट्रिक झाले, आणि वस्तीतला पहिला खाकी कोट यांच्या अंगावर चढला. तो कोट त्यांनी पुढं कधी उतरवलाच नाही. निवृत्त झाले तरी कोट, भर वैशाखात कोट. अध्यक्षांनी एकदा विचारलं, "तायडे, गरम नाई होत काय तुमाले?" तर म्हणाले, "होते ना. पन खिसे कशात ठेवू?"

माणूस भेटला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "कुठून आले? कुठं चालले? मधात कुठं उतरनार?" मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही तेच आणि तापानं फणफणलेल्या माणसालाही तेच. एकदा अनसिंगला एका लग्नात त्यांनी वरातीला रांगेत लावलं. "आधी उतरनाऱ्यायले उतरू द्या! मंग चढा!" मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाचे मामा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीचे काका. दोन्हीकडच्यांनी निमूट ऐकलं. लग्न अगदी मुहूर्तावर लागलं, आणि त्यामुळं फार मोठी पंचाईत झाली, कारण लग्न दोन तास उशिरानं लागेल अशाच हिशेबानं चुली पेटवल्या होत्या. जेवायला बसलेल्या पंगतीनं नुसतं मीठ चाटलं. तायडे त्या लग्नात कुणाचेच कुणी नव्हते. वाशीमची गाडी चुकली म्हणून ते मांडवात टेकले होते.

असा हा माणूस मेंबर झाला आणि एकाच विषयाला चिकटला. बाकीच्या मेंबरांना गटारी सुचायच्या, कारण गटारीला सिमेंट लागतं. काहींना रस्ते सुचायचे, कारण रस्त्याला गिट्टी लागते. तायड्यांना वेडे आणि बेवडे सुचले, ज्यांना काहीच लागत नाही आणि ज्यांच्याकडून काहीच मिळत नाही. नगरपालिकेच्या दृष्टीनं याहून मोठं वेड ते काय.

त्यांचं म्हणणं असं. गावात कुणाचं डोकं फिरलं, की घरची माणसं आधी दर्ग्यावर नेऊन ताईत बांधत, मग देवऋषी गाठत. दोन्ही थकले की सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणायचे, हा अंगावर धावतो, आधी पोलिसांची चिठ्ठी आणा. पोलीस म्हणायचे, वेडा असेल तर कोर्टाचा हुकूम लागतो, प्यालेला असेल तर कोठडी, आणि दोन्ही असेल तर आधी डॉक्टरचा दाखला. कोर्टात गेलं की तारीख. प्रत्येकाचं म्हणणं कायद्यानं अगदी बरोबर होतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो बैलगाडीत दोरीनं बांधलेला, तोंडावर माश्या घेऊन, या दारातून त्या दारात फिरत असायचा.

"गाडीले गाडी लागली पाह्यजे," तायडे म्हणायचे. "रिसोडची गाडी आली अन् अकोल्याची पाच मिन्टं आधीच सुटली, त दोनी ड्रायवर बरोबर असतात. पन मानूस फलाटावर राह्यते ना बाप्पा!"

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. कुणी मंत्री येणार म्हटलं, की पोलीस आदल्या आठवड्यात नाल्याकाठच्या हातभट्ट्या फोडायचे. मोहाची दारू वाळूत ओतायची, मडकी फुटायची, पेपरात बातमी यायची. मंत्री गेले की चौथ्या दिवशी भट्ट्या पुन्हा सुरू, हेही सगळ्यांना ठाऊक. पण मधल्या त्या दिवसांत, वर्षानुवर्षं रोज पिणारी माणसं एकदम कोरडी पडायची. हात कापायचे, फेस यायचा, भिंतीवर साप दिसायचे. लोक म्हणायचे, बाहेरचं लागलं. कुणी त्यातून उठायचं, कुणी उठायचं नाही. जो उठायचा नाही त्याच्याबद्दल गाव म्हणायचं, दारूनं मेला. तो दारूविना मेला, हे गावात एकट्या तायड्यांना कळलं होतं. "गाडी रद्द केली म्हनून प्रवासी रद्द होत नाई," ते सभेत ओरडायचे. "भट्ट्या फोडाच्या त फोडा! पन आदल्या दिवशी डाक्टरले सांगा ना! ठान्यातून दवाखान्यात एक फोन!"

मागणी एवढीच. ठाण्याला आणि दवाखान्याला जोडणारा टेलिफोन, दोन बाजा मावतील अशी एक खोली, आणि एक माणूस. "फकत इचारनारा मानूस. कुठून आला, कुठं जाचं हाये. मंग हात धरून पुढच्या गाडीत बसवनारा."

"वेड्यायसाठी पैसे?" उपाध्यक्ष म्हणाले. "मंग शहान्यायनं काय कराव?" सभागृह खो खो हसलं. हे उपाध्यक्ष म्हणजे पाणीपुरवठ्याच्या खर्चात स्वतःच्या मळ्यातली विहीर खोल करून घेतलेले शहाणे.

मला तायड्यांचाही कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. वेळ-काळ म्हणून नव्हता त्यांना. एका माजी मेंबराच्या शोकसभेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि बसण्याआधीच यांचा आवाज, "या निमित्तानं मले टेलिफोनबद्दल बोलाचं हाये." मयताच्या मुलानं मान वर करून असं पाहिलं, की मीच माझ्या चपला शोधायला लागलो.

एकदा तर त्यांनी सभागृहात नाटकच केलं. एका मेंबराला उठवून कोपऱ्यात उभं केलं, तुमी ठानं. दुसरा दवाखाना. तिसरा कोर्ट. अध्यक्ष खुर्चीवरून उठायला तयार नव्हते म्हणून त्यांना दर्गा केलं. आणि आमचा शिपाई सदाशिव याला बेवडा. सदाशिवला त्यासाठी फारसं काही करावं लागलं नाही. तो झोकांड्या खात ठाण्याकडून दवाखान्याकडे, दवाखान्याकडून कोर्टाकडे फिरला, आणि काम इतकं मनावर घेतलं, की चौथ्या फेरीला अध्यक्षांच्या पायावर लोळण घेऊन पगारवाढ मागितली. सभा हसता हसता मोडली. विषय तहकूब. सभागृहात तायडे एकटेच उभे राहिले. "पन सदाशिव अजून पोचला नाई कुठंच," ते मला म्हणाले, आणि मी इतिवृत्ताची वही मिटली.

पैसे मंजूर झाले ते नाटकानं नव्हे, मार्चमुळं. त्या वर्षी गटारीच्या कामावरून दोन ठेकेदारांची मारामारी झाली आणि आरोग्याच्या शीर्षाखालचं अनुदान पडून राहिलं. मार्चअखेर खर्च केलं नाही तर परत जाणार. नगरपालिकेच्या धर्मशास्त्रात पापं पुष्कळ आहेत, पण प्रायश्चित्त नसलेलं पाप एकच, अनुदान परत जाणं. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "थ्या तायड्याचं काय होतं हो?"

पाच मिनिटांत ठराव झाला. 'वेड व व्यसन संकट समन्वय केंद्र' हे नाव मीच घातलं, कारण लांब नाव असलं की मंजुरी लवकर येते. समिती झाली. अध्यक्षपदी अध्यक्ष, उपाध्यक्षपदी उपाध्यक्ष. तायडे निमंत्रित सदस्य, म्हणजे ज्यांना बोलावलं तर यायचं. समितीनं पहिल्या बैठकीत एक टेबल आणि सहा खुर्च्या घेतल्या. टेबल-खुर्च्या अध्यक्षांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुखरूप ठेवल्या, कारण केंद्राला अजून खोली नव्हती. टेलिफोनबद्दल असं ठरलं, की खोली झाल्यावर तो कुठं ठेवायचा ते पाहू.

खोलीचा अंदाज मी आणि ओव्हरसियरनं केला. पाया, विटकाम, छप्पर, लाकूडकाम. मार्च संपायला आठवडा राहिला होता, तेवढ्यात भिंती काही वाळणार नव्हत्या. पण उपाध्यक्षांच्या मेव्हण्याच्या वखारीत एक सागवानी दार तयार पडलं होतं, कुणा गिऱ्हाइकानं नाकारलेलं. तेव्हा लाकूडकाम आधी घ्यावं, भिंती पुढच्या वर्षी, असं ठरलं. आता अडचण अशी, की दार 'बसवलेलं' असल्याशिवाय त्याचं माप लिहिता येत नाही आणि बिल निघत नाही. जमिनीवर आडवं पडलेलं दार हे सरकारी भाषेत दार नव्हेच, ते लाकूड. ओव्हरसियर नियमाचा पक्का. म्हणून नगरपालिकेच्या आवारात, जकात नाक्याशेजारी, दोन खड्डे खणून चौकट सिमेंटमध्ये उभी केली, दोन फळ्यांचं दार बसवलं, अंदाजात 'कडी-कोयंडा व कुलपासह' असं लिहिलं होतं म्हणून कुलूपही लावलं. मागं भिंत नाही, वर छप्पर नाही. मोकळ्या मैदानात दार. ओव्हरसियरनं माप घेतलं, मी बिल केलं, आणि संध्याकाळपर्यंत सारं गाव बघायला आलं.

सगळ्यांना वाटलं, आता तायडे शिट्टी फुंकून फुंकून फुप्फुसं फोडणार. ते आले. दाराला एक चक्कर मारली. बिजागरीला बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडे हात पुढं केला, "बाबू, किल्ली?"

दुसऱ्या दिवसापासून घरची एक लोखंडी खुर्ची घेऊन तो माणूस दाराच्या मागं बसायला लागला. रोज सकाळी कुलूप उघडायचं, संध्याकाळी लावायचं. आणि आत, म्हणजे ज्याला ते आत म्हणायचे तिकडं, दारातूनच यायचं. बाजूनं कुणी आलं की शिट्टी. "दारातून या! दारातून या!" शाळेतली पोरं दिवसभर तेवढ्यासाठी बाजूनं यायची. जकात नाक्यावरच्या शेळ्यासुद्धा पुढं पुढं दारातून जायला शिकल्या असं सदाशिव सांगायचा, पण सदाशिवच्या सांगण्याला तारीख-वार नसे. मी एकदा घाईत बाजूनं गेलो, तर मला परत पाठवलं. म्हणाले, "बाबू, आज भित नाई म्हनून बाजूनं यान, अन् उद्या भित आली त डोकं फोडून घ्यान."

"काकाजी, तुमची टिंगल करून राह्यले लोक," मी म्हटलं.

"करू द्या ना. टिंगल करासाठी का होईना, येऊन त राह्यले!"

आणि खरंच कुणी कुणी यायला लागलं. कुणाचा भाऊ घर सोडून पळाला होता, कुणाची सून बोलायची बंद झाली होती. तायडे तीन प्रश्न विचारायचे आणि मग सायकल काढून त्यांच्याबरोबर ठाणं, दवाखाना, कोर्ट अशी वरात काढायचे. मी ऑफिसात म्हणायचो, आधी लोक तीन ठिकाणी फिरायचे, आता समन्वयामुळं चार ठिकाणी फिरतात. सगळे हसायचे. वाक्य चांगलंच होतं.

पुढच्या वर्षी भिंती आल्या नाहीत. गटारीचे ठेकेदार समेटले होते.

आणि मग मंत्री येणार असं कळलं. कशासाठी, तर जनावरांच्या दवाखान्याच्या कोनशिलेसाठी. पण अध्यक्षांना वाटलं, मंत्री आलेच आहेत तर एका हारात दोन उद्घाटनं होऊन जातील. केंद्र तर कागदावर केव्हाच उभं होतं. मांडववाल्याला बोलावलं. त्यानं दाराच्या दोन्ही बाजूंनी कनात ताणली, वर चादर टाकली, आणि तासाभरात आमच्या केंद्राला भिंती आल्या. जिनिंगमधून टेबल-खुर्च्या आल्या. दाराला झेंडूचं तोरण लागलं. मंत्री कुलूप उघडणार, फीत कापणार, आत जाणार, असा कार्यक्रम छापला गेला.

मंत्री येणार म्हणून तीन दिवस आधी पोलिसांनी काय केलं असेल, हे आता वेगळं सांगायला नको. वेड व व्यसन संकट समन्वय केंद्राच्या उद्घाटनाच्या सन्मानार्थ नाल्यावरची झाडून सारी मडकी फुटली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मांडवात सगळे हजर. ठाणेदार कडक इस्त्रीत, डॉक्टर गळ्यात नळी घालून, तहसीलदार, कोर्टाचे नाझर, सगळे त्या कनातीतल्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. एवढा समन्वय गावानं आजवर पाहिला नव्हता. फक्त कुलूप उघडत नव्हतं, कारण किल्ली तायड्यांकडे होती आणि तायडे आले नव्हते.

"त्याले म्हनाव, रुसाची ही वेळ नोय," अध्यक्ष माझ्यावर खेकसले. "जा, किल्ली आना! मंत्र्यायची गाडी रिसोडहून निघाली!"

मी भर उन्हात वस्तीवर गेलो. तायड्यांचं घर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. टिनाची एक खोली, बाहेर शेणानं सारवलेली ओसरी. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मुलगी मेडशीला दिलेली. मी बाहेरूनच ओरडणार होतो, पण आतून असा आवाज आला, की मी तसाच आत शिरलो.

आत दोन बाजा होत्या. नव्या सुंभानं विणलेल्या, वर धुतलेल्या चादरी. एकीवर पानठेल्याचा गणपत मेल्यासारखा झोपला होता, पण छाती हलत होती. दुसरीवर धान्य बाजारातला किसन हमाल होता. क्विंटलचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा माणूस. तो धनुष्यासारखा वाकत होता, दात वाजत होते, डोळे छताला लागलेले. त्याची बायको मंजुळा डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तायड्यांनी त्याचे दोन्ही हात धरले होते. अंगात कोट नव्हता. तो घडी करून किसनच्या मानेखाली ठेवला होता.

"पोतं पडून राह्यलं!" किसन ओरडला. "अरे, पोतं पडून राह्यलं अंगावर! धरा कोनी!"

"धरलं बापू," तायडे म्हणाले. "मी धरलं. तू सोड आता. पाठ मोकळी कर." एकदाच म्हणाले, आणि इतक्या हळू, की मला तो आवाज कुणाचा हे क्षणभर कळलंच नाही.

मंजुळानंच मला सांगितलं. छाप्याच्या आदल्या दिवशी ठाण्यातल्या जमादारानं तायड्यांच्या कानात कुजबुज केली होती. त्यांनी सारी वस्ती पालथी घातली, डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर आज सकाळी येऊन दोघांना सुई देऊन गेले होते आणि दोन दिवस याला धरून ठेवा, पडू देऊ नका, पाणी पाजत राहा, असं सांगून मांडवात जाऊन बसले होते. "या बाजा तीन साल झाले तयार करून ठेवल्या होत्या मामाजीनं," ती म्हणाली. तायड्यांना वस्तीतल्या सुना मामाजीच म्हणायच्या. "सोता खाली झोपतात. म्हनतात, बाज मोकळी राह्यली पाह्यजे, कोन कवा येईन सांगता येत नाई."

"किल्ली द्या काकाजी," मी म्हटलं. "मंत्री येऊन राह्यले."

"कोटाच्या खिशात हाये. काढा हळूच. त्याचं डोकं हालवू नोका."

मी वाकून किसनच्या मानेखाली हात घातला, किल्ली काढली. इतक्या जवळून तायड्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन रात्री न झोपलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला. एकदम ते बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता.

"नोकरीत होतो तवाची गोठ हाये, बाबू. असाच एक मानूस. त्याची बायको त्याले अकोल्याले नेत होती मोठ्या दवाखान्यात. गाडीत बसवलं तिनं. त असाच थरथर करे. लोक बोंबलले, बेवडा हाये, उतरवा. कंडक्टरनं मले इचारलं. मी म्हनलं, उतरव, मांगच्या गाडीनं जाईन. शिट्टी मारली." किसनच्या कपाळावरचा घाम त्यांनी कोपरानं पुसला, हात सोडायला नको म्हणून. "मांगची गाडी रिसोडलेच बंद पडली होती. बाकावरच गेला त्यो. त्याची बाई मले एक शबूद बोलली नाई. फकत इचारलं, साहेब, याच्या तिकिटाचे पैसे वापस भेटतीन काय."

एवढी वर्षं या माणसाला मी भोंगा समजत होतो.

किसन वाचला, हे इथंच सांगून टाकतो. केंद्राच्या अहवालात पहिला यशस्वी रुग्ण म्हणून अध्यक्षांनी त्याचं नाव घातलं. गणपतचंही घातलं. मंत्र्यांसाठी शेवटी कनात बाजूला सारली आणि ते बाजूनंच आत गेले. मांडववाल्यानं संध्याकाळी भिंती गुंडाळून नेल्या आणि त्याचं बिल समन्वय या शीर्षाखाली निघालं. तायड्यांना टेलिफोन कधीच मिळाला नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी किल्ली हातात घेऊन मी दाराकडे वळलो, तेवढ्यात किसनला पुन्हा झटका आला. त्याची टाच बाजेच्या कडेच्या लाकडावर आदळली आणि फुटली. मंजुळा डोकं सोडू शकत नव्हती, तायडे हात सोडू शकत नव्हते.

"बाबू," तायडे म्हणाले. सभागृहात तीन वर्षं हा माणूस हक्कानं मागत आला होता, ओरडून मागत आला होता. आता त्यांचा आवाज फाटला. "जरा बसता काय? पाय धराले मानूस नाई."

मी किल्ली खिशात टाकली आणि बसलो. किसनचे पाय दोन्ही हातांनी धरले. भेगाळलेले, मातीचे, हमालाचे पाय. माझ्या हातात ते इतके थरथरत होते, की माझे खांदेही हलायला लागले.

"किती वेळ धराचे, काकाजी?"

"ते कसं सांगू आता? सोडू नोका."

लांब मांडवातल्या लाउडस्पीकरवर माझ्या नावाचा पुकारा झाला. मग अध्यक्षांचा आवाज आला, चिडलेला, आणि पुन्हा माझं नाव. मी पाय सोडले नाहीत.